उंच खिडक्यांची शाळा

आमच्या सात वर्षांच्या नातवाची त्याच्या शाळेबद्दल एकच तक्रार आहे. "आजी, वर्गातून बाहेरचं काही म्हणजे काही दिसत नाही. नुसतं आभाळ!"

लेक आणि जावई इंग्लंडमध्ये, ऑक्सफर्डशायरमधल्या एका लहानशा खेड्यात राहतात. गेल्या वर्षी मे-जूनमध्ये मी त्यांच्याकडे होते आणि नातवाला शाळेत पोचवायचं, परत आणायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. शाळा चर्चला लागूनच. दगडी भिंती, उभ्या उताराचं छप्पर, छपरावर घंटेपुरती एक छोटी कमान. दारं दोन. एकावर दगडात 'बॉइज' कोरलेलं, दुसऱ्यावर 'गर्ल्स'. आता दोन्ही दारांतून सगळेच धावतात म्हणा! खिडक्या टोकदार कमानींच्या, देखण्या, पण त्यांची खालची कड माझ्या खांद्याच्याही वर. पहिल्या दिवशी मी शाळेलाच चर्च समजले आणि नातवाला भलत्याच दारात नेऊन उभं केलं. त्यानं कपाळाला हात लावला.

दुसऱ्याच आठवड्यात फाटकावर एक कागद लागला. पट जेमतेम चाळीसचा, शाळा पुढे चालवायची की बंद करायची याचा विचार चालू आहे, गावकऱ्यांनी सभेला यावं, अशी ती नोटीस. लेक हिरमुसली. शाळा बंद झाली की सात मैलांवरच्या गावी रोज बस. मला मात्र वेगळंच कुतूहल वाटू लागलं. चाळीस मुलांसाठी एवढी देवळासारखी इमारत बांधली कोणी? पैसा कोणाचा? आणि खिडक्या इतक्या उंच का? दुपारचा वेळ रिकामाच होता आणि जवळच्या शहरात ग्रंथालय चांगलं होतं. मी वाचत गेले, तर ही गोष्ट थेट आपल्याकडे येऊन पोचली. मद्रासला!

आमचे वडील धूळपाटीवर शिकले. फळीवर बारीक धूळ पसरायची, बोटानं अक्षर काढायचं, हात फिरवून पुसायचं. आपल्या भाषेत 'धुळाक्षरं' हा शब्द त्यातूनच आला. आता गंमत पाहा. अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटलंडचा एक पाद्री १७८७ साली हिंदुस्थानात आला आणि १७८९ पासून मद्रासच्या एग्मोर भागातल्या मुलांच्या अनाथाश्रमाचा प्रमुख झाला. आश्रमातली मुलं गोऱ्या शिपायांची. मास्तर मिळत ते पगारापुरते, शिकवण्याचा आनंदच होता. एकदा रपेटीला निघालेल्या बेलसाहेबाला एक देशी शाळा दिसली. पोरं जमिनीवर बसून वाळूत बोटांनी अक्षरं गिरवत होती. त्याला ते फार आवडलं. आश्रमात येऊन त्यानं मास्तरांना सांगितलं, असंच शिकवा. मास्तरांनी ते मनावर घेतलं नाही. तेव्हा बेलनं काय करावं? जॉन फ्रिस्किन नावाचा एका शिपायाचा आठ वर्षांचा मुलगा निवडला आणि मुळाक्षरांचा वर्ग त्याच्या हाती दिला. वर्ग झकास चालला. मग मोठ्या मुलानं धाकट्याला शिकवायचं, हीच त्याची पद्धत झाली. १७९७ मध्ये लंडनमध्ये त्यानं तिच्यावर पुस्तक छापलं आणि ती 'मद्रास पद्धत' या नावानं गाजली. इंग्लंडमधल्या गरिबांच्या शाळांत पुढे वाळूच्या पाट्या आल्या, त्या अशा.

त्याच सुमारास लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर नावाचा क्वेकर पंथाचा तरुण अशाच धर्तीची शाळा चालवत होता. मूळ कल्पना कोणाची, यावर दोघांच्या अनुयायांत कडाक्याचं भांडण जुंपलं. चर्च ऑफ इंग्लंडच्या बाहेरच्या पंथांनी लँकेस्टरचा हात धरला, चर्चनं बेलचा. १८११ साली चर्चच्या मंडळींनी 'नॅशनल सोसायटी' काढली. देशातल्या प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे प्रत्येक चर्चच्या गावात, गरिबांच्या मुलांसाठी एक शाळा हवी, हा तिचा संकल्प. म्हणून तिकडच्या कितीतरी जुन्या शाळांवर 'नॅशनल स्कूल' अशी पाटी दिसते. मला आधी ती सरकारी शाळा वाटली होती. सरकारचा त्यात तेव्हा एक पैसासुद्धा नव्हता. जाता जाता सांगते, १८१५ साली मुंबईत युरोपियन मुलांसाठी एक शिक्षण संस्था निघाली, तिनंही हीच पद्धत उचलली. मद्रासहून लंडन आणि लंडनहून मुंबई असा हा फेरा!

इमारतीचा सांगाडा या पद्धतीतूनच निघाला. मास्तर एक आणि मुलं दीडशे-दोनशे, तर मास्तराची नजर सगळ्यांवर हवी. तेव्हा वेगळे वर्ग नकोतच, एकच लांबरुंद खोली हवी. बेलच्या मांडणीत खोलीचा मधला भाग मोकळा असे. मुलं तिथं गटागटानं चौकोन करून उभी राहत आणि प्रत्येक गटाला त्यांच्यातलाच थोडा मोठा मुलगा, म्हणजे मॉनिटर, शिकवी. लिहिण्याचे बाक भिंतींना लागून. लिहिताना मुलांचं तोंड भिंतीकडे. लँकेस्टरच्या शाळेत याच्या उलट, मधोमध बाकांच्या रांगा आणि सगळी तोंडं मास्तराकडे. खोलीचा आकार पाहून ही शाळा कोणत्या बाजूची, हे त्या काळी कळत असावं!

आणि खिडक्या? भिंतीला बाक टेकवायचे, वर तक्ते टांगायचे, म्हणजे खिडकीला जागा उरली ती वरच. शिवाय पोरांचं लक्ष रस्त्यावरच्या घोड्यांकडे जाऊ नये, हाही हिशेब होताच. मी नातवाला सांगितलं, "तुझ्या खिडकीचा दोष आपल्या मद्रासला द्यायचा." त्याला ते फारसं पटलं नाही.

सुरुवातीच्या शाळा अगदी साध्या होत्या. धान्याच्या कोठारासारखी इमारत शाळेला वाईट नाही, चांगलं कोठार मिळालं तर त्याचीच शाळा करा, असा सल्ला खुद्द नॅशनल सोसायटी देत असे. त्यात काटकसर होती, पण दुसरंही काही होतं. गरिबांच्या पोरांना फार ऐसपैस जागा कशाला, असा विचार करणारे लोक तेव्हा पुष्कळ होते. कितीतरी जमीनदारांना तर मजुराच्या मुलानं लिहायला शिकणंच धोक्याचं वाटे. ते वाचताना आपल्याकडचं काही आठवलं नाही असं नाही.

१८३३ साली पार्लमेंटनं पहिल्यांदा हात सैल सोडला. वीस हजार पौंड, तेही फक्त शाळांच्या इमारतींसाठी. अट अशी, की निम्मा खर्च गावानं आधी उभा करायचा. आता गाव म्हणजे कोण? तर व्हिकर, म्हणजे तिथला धर्मगुरू. त्यानं दारोदार फिरून वर्गणी मागायची. जमीनदारानं जागा द्यायची, शेतकऱ्यांनी दगड वाहायला गाड्या द्यायच्या. स्वतःच्या खिशाला खार लावून शाळा बांधणारे व्हिकर काही कमी नव्हते. ब्राँटे भगिनींचे वडील पॅट्रिक ब्राँटे हे हॉवर्थचे धर्मगुरू. व्हिक्टोरिया गादीवर येण्याच्या पाच वर्षं आधी, १८३२ मध्ये, त्यांनी तिथं शाळेची इमारत उभी केली. शार्लट ब्राँटे तिथं शिकवत असे. १८५४ मध्ये तिचं लग्न झालं, त्याची मेजवानीसुद्धा त्याच खोलीत झाली. शाळा म्हणजे गावचं सभागृहच असे. डोर्सेटमधल्या बोकहॅम्प्टनची नॅशनल शाळा १८४८ मध्ये एका जमीनदारीणबाईंनी काढली. तिच्या पहिल्या विद्यार्थ्यांत आठ वर्षांचा टॉमस हार्डी होता. कादंबऱ्यांकडे वळण्याआधी तो वास्तुरचना शिकला आणि चर्चच्या दुरुस्तीची कामं करू लागला, हा एक योगायोग.

पैसा आला की पाठोपाठ नियम येतात. १८३९ मध्ये सरकारनं शिक्षणासाठी समिती नेमली आणि जेम्स के हा डॉक्टर तिचा सचिव झाला. पुढच्याच वर्षी समितीनं शाळांचे नमुना आराखडे छापले. ते काढणारा सॅम्पसन केम्पथॉर्न हा वास्तुकार कोण, तर थोड्याच वर्षांपूर्वी गरिबांना डांबून ठेवणाऱ्या 'वर्कहाउस'चे नमुना आराखडे ज्यानं काढले, तोच! एकाच हातानं गरिबाच्या बापाची कोठडी आणि मुलाची शाळा, दोन्ही काढली. मला हे वाचून जरा कसंसंच झालं.

अनुदान हवं तर सरकारी तपासनीस शाळेत येणार आणि कारभाराच्या कमिटीवर गावातले काही लोक घ्यावे लागणार, अशी भानगड सुरू झाली. सॉमरसेटमधल्या ईस्ट ब्रेंटचे आर्चडीकन डेनिसन यांना हे मुळीच खपलं नाही. शाळा चर्चची, सरकारनं नाक खुपसायचं कारण काय? तपासनीस त्यांच्या ओळखीचाच होता. त्याला त्यांनी कळवलं, की तुमच्यावर माझं फार प्रेम आहे, पण पुन्हा तपासणीला आलात तर मी शाळेला कुलूप लावीन आणि पोरांना सांगून तुम्हाला तळ्यात टाकीन! तपासनीस बिचारा हसला असेल की घाबरला असेल, कोण जाणे.

या काळातच कोठारासारखी शाळा जाऊन देवळासारखी शाळा आली. चर्च जसं जुन्या गॉथिक पद्धतीचं असावं, तशीच त्याच्या शेजारची शाळा असावी, असा आग्रह तरुण वास्तुकारांनी धरला. तिकडे एकेका वास्तुकाराला चर्च, धर्मगुरूचं घर आणि शाळा असा सगळा संच एकदमच काढायला मिळे. मेडनहेडजवळच्या बॉइन हिलला जी. ई. स्ट्रीटनं १८५० नंतरच्या दशकात असा संच लाल विटांत बांधला. यॉर्कशरमध्ये बॉल्डर्सबी सेंट जेम्स इथं विल्यम बटरफील्डनं एका उमरावासाठी जवळजवळ अख्खं खेडंच रचलं. चर्च, शाळा, मजुरांची घरं, सगळं. याच बटरफील्डनं आपल्या कुलाब्याच्या अफगाण चर्चच्या आतल्या सजावटीचे नमुने काढून दिले होते. मुंबईकरांनो, पुन्हा कधी तिथं गेलात तर आतल्या रंगीत फरशा जरूर पाहा. जोसेफ क्लार्क आणि हेन्री केंडॉल या वास्तुकारांनी तर शाळांच्या आराखड्यांची पुस्तकंच छापली. गावचा गवंडी त्यातलं चित्र पुढे ठेवून भिंत चढवू शकत असे.

या वास्तुकारांचं मला कौतुक वाटतं. मजुराच्या पोराला त्यांनी कोरीव दगडाची कमान दिली. पण मुलं त्या खोलीत दिवसभर बसणार, हे त्यांच्या कितपत लक्षात होतं? उंच उघडं छप्पर प्रार्थनेला छान. पण शेगडीची सगळी ऊब वासे घेऊन जायचे. शेगडीजवळचं पोर भाजायचं आणि दाराजवळचं कुडकुडायचं. त्यात आवाज घुमायचा तो वेगळाच. एका कोपऱ्यात पाढे, दुसऱ्यात बायबल, तिसऱ्यात छड्या. १८६२ नंतर मुख्याध्यापकांना रोजची नोंदवही ठेवणं भाग पडलं. त्या वह्यांत हिवाळ्यात दौतीतली शाई गोठल्याच्या नोंदी ठिकठिकाणी सापडतात.

गंमत अशी, की खोली ज्या पद्धतीसाठी बांधली ती पद्धतच मध्ये मोडीत निघाली. आठ-दहा वर्षांचा मॉनिटर शिकवणार तरी काय? १८४६ पासून त्याच्या जागी 'विद्यार्थी-शिक्षक' आले. तेराव्या वर्षी उमेदवारीला लागायचं, पाच वर्षं शिकता शिकता शिकवायचं. मग बाकांची मांडणी बदलली. १८५१ मध्ये समितीनं सांगितलं, की खोली लांब आणि अरुंद ठेवा, एका भिंतीच्या कडेनं तीन-तीन ओळींचे बाकांचे गट मांडा आणि मध्ये पडदे सोडा. पडदे! आवाज काय पडद्यानं थांबतो? लहानग्यांसाठी नाटकगृहासारख्या चढत्या पायऱ्या केल्या, म्हणजे साठ-सत्तर चिमुरडी एकावर एक रचून बसवता यायची. एका मुलामागे किमान आठ चौरस फूट जागा हवी, असा नियम पुढे झाला. आठ चौरस फूट म्हणजे चार फूट लांब, दोन फूट रुंद. आपल्या घरातली उशा-पांघरुणाची पेटी याहून मोठी असते.

एका बाबतीत मात्र पाद्रीबुवांनी बाजी मारली. डोर्सेटमधल्या फॉर्डिंग्टनचे धर्मगुरू हेन्री मूल यांनी पटकीची साथ जवळून पाहिली होती. त्यांनी कोरड्या मातीचा संडास शोधून काढला आणि १८६० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. वर दांडा ओढला की खाली मूठभर माती पडायची. वास नाही, आणि नंतर उत्तम खत. नळाचं पाणी नसलेल्या खेड्यांतल्या शाळांना ही मोठीच सोय झाली.

१८७० साली कायदा झाला. जिथं शाळा कमी तिथं लोकांनी निवडलेली 'बोर्डं' कराच्या पैशांतून शाळा बांधतील, आणि चर्चला इमारतीसाठी मिळणारं सरकारी अनुदान बंद होईल. अर्जाची शेवटची तारीख ३१ डिसेंबर. मग काय, त्या चार-पाच महिन्यांत व्हिकर मंडळींनी अर्जांचा पाऊस पाडला. आमच्या नातवाच्या शाळेच्या दारावर १८७१ कोरलेलं आहे, ते बहुधा याच धावपळीतलं. लंडनमध्ये बोर्डाचे वास्तुकार ई. आर. रॉबसन यांनी मोठमोठ्या खिडक्यांच्या, तीन-तीन मजली विटांच्या शाळा उठवल्या. खेड्यातली दगडी खोली त्यांच्यापुढे एकदम जुनाट दिसू लागली. तरी ती टिकली. १८९१ मध्ये फी जवळजवळ सगळीकडे गेली, १९०२ मध्ये रोजचा खर्च करातून येऊ लागला, आणि १९४४ मध्ये चर्चच्या प्रत्येक शाळेपुढे प्रश्न आला, की दुरुस्तीचा निम्मा खर्च पेलवेल का? पेलवत असेल तर शाळा बरीचशी तुमच्या हातात, नसेल तर कारभार बराचसा सरकारच्या हातात. म्हणजे शाळेत सत्ता कोणाची, हे शेवटी छपराच्या दुरुस्तीवर ठरलं. आजही चर्चच्या साडेचार हजारांहून जास्त शाळा आहेत आणि सुमारे दहा लाख मुलं तिथं शिकतात. निम्म्या खर्चाचा तो वाटा कमी होत होत आता दहा टक्क्यांवर आला आहे.

एव्हाना सभेचा दिवस उजाडला. सभा अर्थात त्याच खोलीत. मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गावातली मोठी माणसं गुडघे वर करून बसली होती. उंच छपराखाली आता पांढरं खोटं छत आहे, पडद्यांच्या जागी पुस्तकांची कपाटं आहेत. पट, खर्च, बस यावर बोलणं झालं. मग मागच्या रांगेतले एक वयस्क शेतकरी उठले आणि शांतपणे विचारते झाले, "शाळा बंद झाली तर ही जागा कोणाची?"

सगळे गप्प! ग्रंथालयात वाचलेलं नसतं तर मलाही हा प्रश्न समजला नसता. १८४१ च्या कायद्यानुसार जमीनदाराला शाळेसाठी एक एकरपर्यंत, म्हणजे आपले चाळीस गुंठे, जागा सहज देता येई. मेख अशी, की जागेचा वापर शाळेसाठी थांबला तर ती मूळ मालकाच्या वारसांकडे परत जायची. दीडशे वर्षांनी वारस शोधायचे कुठे? १९८७ मध्ये यात दुरुस्ती झाली. जागा विश्वस्तांकडेच राहते, पण विकली तर पैशांवर हक्क वारसांचा. याच ऑक्सफर्डशायरमधल्या नेटलबेड गावचा खटला तर थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथल्या शाळेला रॉबर्ट फ्लेमिंग या बँकरनं १९१४ आणि १९२८ मध्ये जमीन दिली होती. जेम्स बाँड लिहिणाऱ्या इयान फ्लेमिंगचे हे आजोबा. २००६ मध्ये मुलं शेजारच्या नव्या इमारतीत गेली आणि २००७ मध्ये काउन्सिलनं जुनी जागा विकली. वारस म्हणाले, पैसे आमचे. २०२१ मध्ये न्यायालयानं सांगितलं, विक्रीचा पैसा त्याच शाळेच्या नव्या इमारतीसाठी असेल तर जागेचा हेतू मोडला असं होत नाही. वारस हरले.

पण तिथं शाळा चालू राहिली होती. इथं ती बंदच व्हायची असेल, तर? दानपत्र कोणत्या कायद्याखाली झालं आहे, ते पाहावं लागेल, असं अध्यक्षबाई म्हणाल्या. दानपत्र चर्चच्या कपाटात आहे म्हणे. म्हातारेबाबा पुन्हा उठले. त्यांच्या खापरपणजोबांनी याच भिंतींचे दगड खाणीतून फुकट वाहिले होते. "त्यांचं नाव दानपत्रात नसणार," एवढंच म्हणून ते खाली बसले. लेकीनं माझा हात घट्ट धरला.

निर्णय अजून झालेला नाही. एक वर्षाची मुदत मिळाली आहे आणि आसपासच्या दोन खेड्यांतली मुलं इथं यावीत म्हणून आमचे जावईबापू शनिवार-रविवार पत्रकं वाटत हिंडतात. परवा फोनवर नातू खुशीत होता. "आजी, मला खिडकीतून दिसतं आता! चर्चची भिंत दिसते, आणि बसथांबा." मी म्हटलं, एवढा उंच झालास? तर मागून लेकीचा आवाज आला, "बाकावर चढतो, आई. काल शिक्षा झाली आहे."